बटणाशेजारची टिकली

नमस्कार मंडळी. माझं बेळगावात शहापूरला रिपेरीचं दुकान आहे, मिक्सर, इंडक्शन, रिमोट, येईल ते खोलतो.

परवा खानापूरकडच्या एक मावशी इंडक्शन शेगडी घेऊन आल्या, म्हणे चालूच होत नाही. मी बोट लावलं तर टीं करून लगेच चालू. मावशींचा चेहराच पडला, "माझ्याच हातात काय खोट आहे रे बाळा?" हात बघितले तर भात लावून, भांगलण करून कातडी जाड, कोरडी, भेगाळलेली. आता ह्या टच पॅनलला दाबायचं बटण नसतंच की, काचेखाली सेन्सर असतो, बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो तो त्याला कळतो, पण कातडी अशी असली की बदल फार कमी पडतो आणि शेगडीला वाटतं कुणी हातच लावला नाही. खोट हातात नाही मावशी, शेगडीत आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. वर त्यांना मोतीबिंदू, आणि काळ्या काचेवर करडी बारीक अक्षरं! शेवटी बटणाच्या शेजारी, वर नव्हे बरं का, वर लावली तर टच अजून कमी लागतो, एक जाड टिकली चिकटवली आणि बोट जरासं ओलसर करून लावा म्हटलं. जमलं त्यांना.

बटणांच्या मोबाईलवर ५ ला बारीक ठिपका असतो, चाचपून बघा. न बघता नंबर लागावा म्हणून तो. अमेरिकेत १९६३ ला बटणांचा फोन आला त्याआधी तिथल्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्स ह्या प्रयोगशाळेनं बटणांच्या कितीतरी मांडण्या लोकांना वापरायला देऊन वेळ आणि चुका मोजल्या होत्या. एवढी मेहनत आपल्या मावशींसाठी का नको?

आपल्याकडं तर एकाच घरात आज्जीला मराठी, सुनेला कन्नड, नातू इंग्लिश मिडियमचा, आणि वॉशिंग मशीनवर सगळं इंग्लिश. निपाणीकडं विड्या वळून बायकांच्या बोटांच्या रेषा झिजतात, मग अंगठ्याचं मशीन त्यांना ओळखत नाही. लाल-हिरवा रंग वेगळा न दिसणारे पुरुष आहेत, त्यांना चार्जरचा दिवा लाल का हिरवा काय कळणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये लिहिलंय, रोजच्या वापराच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू सगळ्यांना वापरता येतील अशा डिझाईनमध्ये मिळाव्यात, त्यासाठी सरकारनं पावलं उचलावीत. लिहिलंय, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या वस्तूंत ते अजून दिसत नाही.

व्हीटीयूची, म्हणजे इथल्या इंजिनीअरिंग विद्यापीठाची पोरं प्रोजेक्टसाठी पार्ट मागायला येतात. त्यांना मी सांगतो, सर्किट नंतर जोड रे, आधी एखाद्या आज्जीच्या स्वयंपाकघरात तासभर बस, ती कुठलं बटण डोळ्यानं शोधते, कुठलं बोटानं, ते बघ.

आणि मंडळी, तुमच्या घरी कुणी रिमोटला दोरा, मिक्सरला नेलपॉलिशचा ठिपका असं काही केलं असेल तर दुकानात आणून दाखवा, मी वहीत उतरून ठेवतोय.