घोडकाठचं इनामगाव

महाराष्ट्राचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण बहुतेक वेळा सातवाहनांपासून सुरुवात करतो. पण त्यांच्या कितीतरी आधी तापी, गोदावरी, प्रवरा आणि भीमेच्या खोऱ्यांत गावं नांदत होती. संगमनेरजवळ जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं. लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, चाकावर घडवलेली भांडी तिथे सापडली, आणि या संस्कृतीला जोर्वे हेच नाव पडलं. प्रवरेकाठच्या दायमाबादची कांस्य शिल्पं तर जगभर गाजली. पण त्या काळच्या साध्या माणसाचं घर पाहायचं असेल, तर शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला यावं लागतं.

डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून इथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. शंभराहून अधिक घरं उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७००, म्हणजे तब्बल नऊशे वर्षं इथे वस्ती होती. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींची चौकोनी घरं. आत चूल, धान्याची कणगी. शेतात जव, गहू, मसूर, वाटाणा. पुराचं पाणी शेताकडे वळवायला पाट आणि दगडी बांधही घातलेला. तांबं दुर्मीळ, त्यामुळे रोजची कापाकापी गारगोटीच्या पात्यांनीच व्हायची.

आता ही जमीन नीट पाहा. घरातल्या या जमिनीखाली दोन घडे तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेत. आत लहान मूल आहे. गेलेलं लेकरू या लोकांनी गावाबाहेर नेलं नाही, घरातच ठेवलं. मोठ्या माणसांनाही घराच्या आवारातच पुरत, डोकं उत्तरेला करून, पण पावलं घोट्यापासून तोडून. मेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. आपलं माणूस आपल्याजवळच राहावं, ही ओढ त्यात दिसते. निदान मला तरी ती दिसते.

एकाची पावलं मात्र शाबूत आहेत. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, कच्च्या मातीच्या चार पायांच्या रांजणात, एक पुरुष मांडी घालून बसवलेला सापडला. या घराला लागूनच धान्याचं कोठार होतं. म्हणजे हा गावचा प्रमुख असावा, असं उत्खनन करणाऱ्यांनी मानलं. गावाचं धान्य जिथे साठवलं जाई, तिथेच गावाचा कारभारही चालत असणार, हे पटण्यासारखं आहे. कुंभाराची आणि इतर कारागिरांची घरं तेवढी गावाच्या कडेला.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र पालटलं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांवरची नक्षी ओसरली. शेतीचा आधार कमी झाला, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावर भिस्त वाढली. पाऊसमान घटलं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तरीही या लोकांनी लगेच गाव सोडलं नाही. आणखी तीनशे वर्षं ते याच काठावर तग धरून राहिले. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास अखेर इनामगाव ओस पडलं.

इथल्या वस्तू पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.