खरवस, रेडकू आणि पहिले 250 दिवस

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘रेडकाचं सुरुवातीचं पोषण आणि पुढचं मांस’. नाशकात हे जाहीर बोलायचं तर आधी खुलासा हवा. राज्यात गाईंच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015पासून बैल आणि वळूही त्यात आले. रेडे-म्हशी त्या बंदीत नाहीत. म्हणून बोलणं रेडकांबद्दल. कालवडीवाल्यांनी उठून जाऊ नये, तिचंही पोट असंच चालतं.

पण मांसाआधी खरवस. हसताय, म्हणजे सगळ्यांनी खाल्लाय. ज्या प्रथिनांमुळे पहिल्या धारेचा खरवस घट्ट बसतो, त्यांतच रेडकाची सगळी प्रतिकारशक्ती असते. पोटात असताना वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या आवरणातून, त्याला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळतच नाहीत; जे मिळायचं ते चिकातून, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातून. आतड्याची दारं जन्मल्यापासून मिटायला लागतात आणि 24 तासांत बंद होतात. 30 किलोच्या रेडकाला पहिल्या दोन तासांत दीड लिटर आणि बारा तासांच्या आत आणखी दीड लिटर चीक पोटात गेलाच पाहिजे. आपल्याकडे मात्र ‘वार पडू दे, मग पाजू’. वार पडायला आठ-दहा तास सहज लागतात. उलट रेडकू ओढायला लागलं की म्हशीला पान्हा फुटतो आणि त्याच संप्रेरकानं वार सुटायला मदत होते. तोवर इकडे चुलीवर वेलची घातलेला डबा चढलेला असतो! त्यात रेडकू नर असलं तर विचारूच नका. त्याचं काम म्हणजे दोन ढुसण्या मारून पान्हा सोडवायचा आणि बाजूला व्हायचं.

खरवसाशी माझं वैर नाही. रेडकाचं भागून चीक उरतोच. त्यातला लिटरभर उणे 20 अंशांवर गोठवून ठेवा, वर्षभर टिकतो. एखादी म्हैस विऊन आटली किंवा दगावली तर तोच कामी येतो. वितळवताना पाणी 50 अंशांच्या आत ठेवा. उकळतं घेतलंत तर बाटलीतच खरवस होईल आणि प्रतिपिंडं जातील. त्यापुढचा खुशाल खा.

दुधाचं म्हणाल तर वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे रोज 3 लिटर, हे जगण्यापुरतं झालं. वाढ हवी तर हळूहळू पाचापर्यंत न्या, 38-39 अंशांवर, रोज ठरल्या वेळी. निफाडचा पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा पेपरात द्राक्षांचा फोटो येतो, रेडकाचा येत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत हवा साधारण 15 अंशांखाली गेली की त्याचं दूध अंग तापवण्यातच जळतं. खाली कोरडं पाचट आणि अर्धा-एक लिटर दूध जास्त, एवढं तरी करा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे विषयाला आत्ता सुरुवात.

जन्मतः कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारं मोठं पोट, नावापुरतं असतं. दूध त्याला वगळून थेट पुढे जातं. कोठीपोटाच्या आतली, अन्नरस शोषणारी लव वाढते ती भरड्यातून तयार होणाऱ्या आम्लांनी. नुसत्या कडब्यानं पोट फुगतं, लव वाढत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक. शंभर किलो करायचा तर मका भरडा 50 किलो, सोयाबीन पेंड 30, गव्हाचा कोंडा 17, खनिज मिश्रण 2, मीठ 1. मका येवल्याचाच घ्या, पण बुरशी पाहून. युरिया नको. स्वच्छ पाणी सदैव समोर. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाल्ला की दूध तोडा, तारीख बघून तोडू नका.

जंत: म्हशीच्या दुधातूनच गोलकृमी रेडकात येतात. 10 ते 16 दिवसांचं असताना पहिलं औषध द्या, मात्रा डॉक्टरांकडून. तीन महिन्यांनी दिलंत तर निम्मी रेडकं तोवर खंगलेली असतात.

आता मांस. स्नायूंच्या तंतूंची संख्या जन्माआधीच ठरते, नंतर ते फक्त जाड होतात. तंतूंच्या मधल्या जागेत चरबीच्या पेशी मात्र साधारण 250 दिवसांपर्यंत नव्या तयार होत राहतात. जपानच्या क्युशू विद्यापीठात ताकाफुमी गोतो यांच्या गटानं वाग्यू या चरबीदार मांसाच्या जपानी गाईंच्या वासरांना पहिले दहा महिने भरपूर खुराक देऊन पुढे चाऱ्यावर ठेवलं. सुरुवातीपासून चाऱ्यावरच वाढलेल्यांपेक्षा त्यांच्या मांसात चरबी जास्त मुरली. रेडा वाग्यू नव्हे, त्याच्या मांसात चरबी मुळातच कमी मुरते. तेव्हा तोच आकडा इथे लावू नका. आपला फायदा हाडापेरात आणि वजनात. वर्षाच्या जनावराची दोन महिन्यांची आबाळ नंतर बरीच भरून निघते. पहिल्या तीन महिन्यांत खुरटलेलं रेडकू कितीही पेंड घाला, बरोबरीला येणं अवघड.

काटा नसेल तर छातीचा घेर मोजायची फीत घ्या, दर पंधरवड्याला, सकाळी चारापाण्याआधी. कांद्याचा भाव तासातासाला विचारता, हे महिन्यातून दोनदाच आहे. प्रश्न असतील तर विचारा, चहा होईपर्यंत थांबतो.