ट्रोलला खाऊ घालावं का?

श्रोतेहो, नमस्कार. 'मला ट्रोल केलं' ही तक्रार हल्ली कॉलेजच्या पोरांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असते. आज मूळच्या ट्रोलची गाठ घेऊ या. तो लोककथांमधला राक्षस, राहतो नॉर्वेच्या डोंगरात. अंगानं अवाढव्य, डोक्यानं मठ्ठ, आणि ऊन लागलं की त्याचा दगड होतो. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात काळे सुळके उभे आहेत. रात्री जहाज ओढून आणताना उजाडलं नि ट्रोल तिथंच थिजले, असं तिथले लोक सांगतात.

आस्ब्यर्नसन आणि मो या दोघा मित्रांनी १८४० च्या दशकात नॉर्वेतल्या लोककथा छापल्या. त्यातली एक माझ्या विशेष आवडीची. घरातलं शेंडेफळ रानात लाकडं तोडायला जातं. ट्रोल गुरगुरतो, "माझ्या रानात कुऱ्हाड? मारूनच टाकतो!" पोरगा शिदोरीतला चीजचा गोळा काढून मुठीत आवळतो. पाणी ठिबकतं. "बघ, दगड पिळतोय. आता तुझी पाळी!" ट्रोल घाबरतो आणि मुकाट्यानं लाकडं तोडू लागतो. रात्री त्याच्या घरी जेवणाची पैज लागते. पोरानं पोटावर झोळी बांधलेली. लापशी पोटात कमी, झोळीत जास्त. ट्रोलला घास जाईना, तेव्हा पोरगा सुरीनं झोळी फाडून म्हणतो, "असं भोक पाड, मग खा हवं तेवढं."

"दुखत नाही?"

"छे, सांगण्यासारखं काही नाही."

पुढं काय झालं असेल, ते सांगायला नको. त्याच्या सोन्याचांदीतून पोरानं बापाचं कर्ज फेडलं.

आता इंटरनेटवरचा जुना सल्ला आठवा: ट्रोलला खाऊ घालू नका, म्हणजे उत्तरच देऊ नका. इथं तर खाऊ घालूनच त्याचा निकाल लावला! मला हा पोरगा जास्त पटतो. एकट्यादुकट्या ट्रोलला चिडून नाही, पण मिश्कीलपणे उत्तर द्यावं.

पगारी ट्रोलपुढं मात्र ही युक्ती चालत नाही. रशियात सेंट पीटर्सबर्गला 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' नावाची कंपनी होती. तिथं माणसं पाळ्यांमध्ये बसून खोट्या नावांनी लिहीत. अशांना ऊनही बाधत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत या कंपनीवर आरोपपत्र दाखल झालं, नावानिशी सगळं बाहेर आलं. तिच्यामागचे धनाढ्य येवगेनी प्रिगोझिन आधी कानावर हात ठेवत. २०२३ मध्ये त्यांनीच उघड सांगून टाकलं, की ही कंपनी मीच काढली आणि मीच चालवली.

नमस्कार.