गुन्हा, कायदा आणि आटपाडीची वसाहत

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की सांगली-साताऱ्याकडचे पालक मुलांना घेऊन भेटायला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो असा: गुन्हेगारीशास्त्राची पदवी घेतली तर वकिली करता येते का? याचे उत्तर नाही असे आहे, आणि ते प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच माहीत असलेले बरे. भारतीय विधिज्ञ परिषदेने मान्य केलेली कायद्याची पदवी, मग ती बारावीनंतरची पाच वर्षांची असो वा पदवीनंतरची तीन वर्षांची, हाती असल्याशिवाय सनद मिळत नाही, आणि पुढे अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. गुन्हेगारीशास्त्र कायद्याच्या अभ्यासक्रमात बहुधा एखाद्या विषयापुरतेच येते. स्वतंत्र पदवी म्हणून ते शिकणारे विद्यार्थी कारागृह प्रशासन, परिवीक्षा म्हणजे दोषी माणसाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचे काम, बालन्याय आणि संशोधन या वाटांनी जातात.

मग सनद देत नसलेला हा विषय वकील होऊ पाहणाऱ्याने मन लावून का शिकावा?

आपल्याकडे न्यायावरचे कोणतेही भाषण साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव घेतल्यावाचून पुरे होत नाही, तेव्हा मीही ते घेतो. नारायणराव पेशव्यांचा 1773 साली खून झाला, तेव्हा राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्तच सांगणारे रामशास्त्री आपल्या सर्वांच्या मनात बसले आहेत. परंतु त्यांच्यापुढचे प्रश्न दोनच होते, दोषी कोण आणि शिक्षा कोणती. फौजदारी कायदा आजही प्रामुख्याने हेच दोन प्रश्न विचारतो. गुन्हा का घडला, आणि शिक्षा भोगून माणूस घरी परतल्यावर पुढे काय, हे विचारणे गुन्हेगारीशास्त्राकडे येते.

मात्र ‘का’ या प्रश्नाचे उत्तर चुकले की काय अनर्थ होतो, हेही याच शास्त्राच्या इतिहासात दिसते. इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोझो यांनी 1876 मध्ये असे मांडले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते त्यांच्या कवटीच्या व जबड्याच्या ठेवणीवरून ओळखता येते. त्याच्या पाचच वर्षे आधी, 1871 मध्ये, इंग्रज सरकारने आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि केवळ एका विशिष्ट जमातीत जन्म झाला एवढ्याच कारणावरून माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागली. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. कागदावर या जमाती विमुक्त झाल्या, पण गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. उद्या ज्याला अशा आरोपीचा जामीन अर्ज लिहायचा आहे, त्याला या संशयाची वंशावळ ठाऊक असली पाहिजे.

नव्या कायद्यांमुळे या अभ्यासाची निकड वाढली आहे. 1 जुलै 2024 पासून 1860 च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रथमच संहितेत आली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशीही तरतूद आता झाली आहे. त्यामुळे केवळ पंचनाम्यातील विसंगती शोधून उलटतपासणी करणाऱ्या वकिलाला यापुढे रक्ताच्या नमुन्याविषयीही चार प्रश्न विचारता आले पाहिजेत.

‘पुढे काय’ या प्रश्नासाठी तर आपल्या विद्यार्थ्यांना परदेशातील उदाहरणांकडे धावण्याचे कारण नाही. आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होते. तेथे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, 1939 मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तेथे कैद्यांनी शेती करावी आणि कुटुंबासह राहावे, अशी कल्पना होती. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखात, जिथे मोकळ्या माणसालाही शेती पिकवणे जड जाते, तिथे खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांच्या हाती जमीन सोपवायला केवढे धाडस लागले असेल! मला विचाराल तर दंडशास्त्राचा, म्हणजे शिक्षेच्या अभ्यासाचा, तास वर्गात न घेता आटपाडीच्या रस्त्यावरच सुरू करावा.

आणखी एक गोष्ट अर्ज भरण्यापूर्वी करता येण्यासारखी आहे. फौजदारी खटल्यांचे कामकाज सर्वसाधारणपणे खुल्या न्यायालयात चालते. साक्ष ऐकायला कोणीही जाऊन बसू शकतो. मुलाला किंवा मुलीला एक दिवस जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसवा. साक्षीदार शपथेवर काय सांगतो ते त्यांनी ऐकावेच. पण बाहेर व्हरांड्यात आरोपीची आई डबा घेऊन बसलेली असते, तिच्याकडेही त्यांचे लक्ष जाते का, ते पाहा.

नमस्कार.