न विचारता चालणारे गेम

[दृश्य : आरएनटी मार्ग, सिल्वर मॉल. दुकानांबाहेर एकावर एक रचलेले जुने सीपीयू.]

इंदूरमध्ये कॉम्प्युटर घ्यायचा, विकायचा किंवा दुरुस्त करायचा म्हटलं की पाय आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलकडे वळतात. नवा माल काचेत, जुना माल पायाशी. पायाशी पडलेले हे डबे बहुतेक कुठल्या ना कुठल्या ऑफिसातून निघालेले असतात. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, आणि पाठीवर त्या ऑफिसचा मालमत्ता क्रमांक अजून तसाच चिकटलेला.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली. विंडोज ११ अधिकृतपणे टाकायचं तर इंटेलची साधारण आठवी पिढी हवी, शिवाय सुरक्षेसाठीची टीपीएम २.० ही चिप. म्हणजे कागदोपत्री ही सगळी यंत्रं निवृत्त झाली. तब्येत मात्र ठणठणीत.

यातलाच एक डबा आज लोकमान्य नगरात चाललाय. घेणारा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट आणि खुली ऑपरेटिंग सिस्टम टाकायचीय, आणि त्या लिनक्सवर गेम खेळायचेत. घरात शिरताच काकांनी अडवलं.

"लिनक्सवर गेम? अरे, आमच्या वेळी त्यात आवाजसुद्धा यायचा नाही."

"काका, तुम्ही बघा तर खरं."

काकांचं चुकलेलं नाही, त्यांचं वर्ष जुनं आहे एवढंच.

[दृश्य : काकांच्या कपाटातल्या जुन्या सीडी. कॉम्प्युटर मासिकासोबत फुकट आलेली लिनक्सची एक सीडी.]

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लोकांपुढे ठेवला. तीन वर्षांत त्यावर डूम हा गाजलेला गेम चालू लागला. डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरमधल्या डेव्ह टेलरने तो १९९४ मध्ये लिनक्सवर आणला होता. सुरुवात वाईट नव्हती, पण ती एका हौशी माणसाच्या मर्जीवर उभी होती. बाकीच्या कंपन्या विंडोजसाठी गेम करायच्या आणि तिथेच थांबायच्या.

मग लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली, १९९८ मध्ये. त्यांचा धंदा सरळ होता : गेमच्या मालकाकडे जायचं, परवानगी मागायची, मूळ कोड घ्यायचा, लिनक्ससाठी नव्याने बांधायचा आणि खोक्यात भरून विकायचा. काम चोख होतं, गिऱ्हाईक मूठभर. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. मागे उरली ती एसडीएल ही कोडची पेटी. पडद्यावर चित्र काढणं, आवाज काढणं, कीबोर्ड-जॉयस्टिकचं ऐकणं ही कामं ती कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टमवर सारखीच करते. ती लिहिणारा सॅम लँटिंगा पुढे व्हॉल्व्ह कंपनीत गेला. एसडीएल आजही असंख्य गेमच्या पोटात आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी कंपनी. तिचा प्रमुख गेब न्यूएल पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येच होता. विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान थेट सिस्टममध्ये आणलं, आणि २०१२ साली न्यूएलने विंडोज ८ ला जाहीरपणे अनर्थ म्हटलं. दुसऱ्याच्या जागेत दुकान टाकलेल्या माणसाला घरमालक स्वतःच दुकानदारीत उतरताना दिसला, तर तो दुसरी जागा शोधणारच. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे, लिनक्सवर चालणारे तयार डबे बाजारात आले.

आणि पडले. कारण लोकीचंच. गेम नाहीत म्हणून खेळणारे येत नाहीत, आणि खेळणारे नाहीत म्हणून कंपन्या लिनक्ससाठी गेम करत नाहीत. व्हॉल्व्हएवढी पैसेवाली कंपनी दारोदार विचारत फिरली तरी उत्तर तेच. माझ्या मते लिनक्सवरच्या गेमचा खरा इतिहास इथून पुढे, म्हणजे विचारणं बंद केलं तेव्हापासून सुरू होतो.

[दृश्य : लोकमान्य नगर. पडद्यावर लिनक्स मिंट, लिनक्सचाच एक प्रकार, चढतंय. मुलगा स्टीमची सेटिंग उघडतो.]

२१ ऑगस्ट २०१८ ला व्हॉल्व्हने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन बाहेर काढलं. त्या दिवशी तपासून पास केलेल्या गेमची यादी होती अवघी २७. पण सेटिंगमध्ये एक खूण करायची सोय ठेवली होती : बाकीचे गेमही चालवून बघा, आमची हमी नाही. लोकांनी ती खूण केली, आणि यादीला काही अर्थ उरला नाही.

प्रोटॉन नेमकं करतं काय, हे सांगायला थोडा वेळ घेतो, कारण गैरसमज इथेच आहे. लोकांना वाटतं की लिनक्सच्या आत एक खोटं विंडोज चालवतात आणि त्यात गेम, म्हणून तो रखडणारच. तसं नाही. विंडोजच्या गेमची ईएक्सई फाइल ज्या सूचनांनी भरलेली असते, त्या इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या असतात. प्रोसेसर तोच, तर त्या सूचना जशाच्या तशा चालतात. अडतं फक्त एका जागी : गेमला फाइल उघडायची असते, मेमरी हवी असते, खिडकी काढायची असते, तेव्हा तो विंडोजला हाक मारतो. लिनक्सवर त्या हाकेला ओ देणारं कुणी नसतं.

ती ओ वाइन नावाचा प्रकल्प देतो. १९९३ मध्ये सुरू झालेला. पुढच्याच वर्षापासून अलेक्झांद्र ज्युलियार त्याची धुरा सांभाळतोय. मायक्रोसॉफ्टचा कोड न घेता, विंडोजच्या एकेका हाकेला बाहेरून पाहून तसंच उत्तर देणारा कोड लिहायचा, असं हे काम. चिकाटी केवढी, तर आवृत्ती १.० यायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षं! एवढ्यात आपल्याकडे एक मूल जन्माला येऊन दहावीच्या उंबरठ्यावर येतं.

तरीही वाइनवर नवे गेम धड चालत नव्हते, कारण चित्रांची भाषा वेगळी. विंडोजचे गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्ट-थ्रीडीतून बोलतात. लिनक्सवर पूर्वी त्याचं रूपांतर ओपनजीएल या जुन्या मानकात व्हायचं आणि त्यात वेग मरायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये वल्कन आलं. हे खुलं मानक कार्डाच्या बरंच जवळ जाऊन बोलतं. फिलिप रेबोले नावाच्या जर्मन तरुणाला लिनक्सवर निअर ऑटोमाटा खेळायचा होता. गेम डायरेक्ट-थ्रीडी ११ चा, चालेना. मग त्याने डायरेक्ट-थ्रीडीचं वल्कन करणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. २०१८ च्या सुरुवातीलाच व्हॉल्व्हने त्याला या कामासाठी पगार सुरू केला. प्रोटॉन म्हणजे मुख्यतः वाइन, डीएक्सव्हीके आणि डायरेक्ट-थ्रीडी १२ साठीचा त्याचा भाऊबंद, यांची मोट.

[दृश्य : फाइल मॅनेजर. स्टीमच्या फोल्डरात खोलवर "ड्राइव्ह सी" नावाचं फोल्डर.]

हे बघा. प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन अशी वेगळी सी ड्राइव्ह मांडून देतं. आत विंडोजचं फोल्डर, प्रोग्राम फाइल्स, सगळा संसार. गेमला आपण कुठे आहोत याचा पत्ता नसतो. गेम बिघडला तर हा संसार पुसून टाकायचा, पुढच्या वेळी नवा मांडला जातो. सेव्ह केलेला खेळ क्लाउडवर जात नसेल तर पुसण्याआधी बाजूला काढून ठेवा, बस.

व्हॉल्व्ह काही धर्मादाय संस्था नाही. या खर्चामागे स्टीम डेक होतं, हातात धरून खेळायचं यंत्र, फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं आणि लिनक्सवर चालणारं. भारतात कंपनीने ते अधिकृतपणे विकायला आणलं नाही. मिळतं ते बाहेरून आलेलं आणि किंमत ऐकून परत ठेवावं असं. पण त्याच्यासाठी लिहिलेला कोड खुला आहे, त्यामुळे डेक हातात न घेताही त्याची कमाई सिल्वर मॉलच्या डब्यापर्यंत पोचते. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने पुन्हा एका स्टीम मशीनची घोषणा केली, नाव तेच जुनं. त्याच्या आदल्याच महिन्यात, स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदा तीन टक्क्यांवर गेला होता. तीन टक्के म्हणजे अजून मूठभरच. फरक इतकाच की आता गेम चालायला मूठ मोठी असावी लागत नाही.

[दृश्य : डब्याचं झाकण उघडलेलं. ग्राफिक्स कार्ड बसतंय.]

आता कामाचं बोलू. नुसता चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह घेऊन बसलात तर निराश व्हाल. त्याच्या अंगचं ग्राफिक्स वल्कन धड जाणत नाही, आणि आजचा डीएक्सव्हीके वल्कन १.३ मागतो. वेगळं कार्ड हवंच. या मुलाने एएमडीचं सेकंडहँड आरएक्स ५८० घेतलंय, २०१७ चं. एएमडीच्या कार्डांचा मोठा फायदा असा की लिनक्सवरचे त्यांचे ड्रायव्हर खुले आहेत आणि सिस्टमसोबतच येतात. शोधायला, उतरवायला जावं लागत नाही. एनव्हिडियाचं कार्डही चालतं, पण ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि जुन्या कार्डासाठी जुनीच आवृत्ती धरून बसावं लागतं. कार्ड घेण्याआधी डब्यातला पॉवर सप्लाय मात्र बघा. ऑफिसच्या डब्यात तो बेताचाच असतो.

दुसरं, विंडोजच्या काळातली, गेम भरलेली एनटीएफएस (म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) हार्डडिस्क तशीच जोडून त्यावरून गेम चालवायचा मोह होतो. करू नका. फाइलींची नावं आणि परवानग्या यांवरून प्रोटॉन तिथे अडखळतं, आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करा, गेम पुन्हा उतरवा. मोठा गेम साठ-ऐंशी जीबीचा. रात्री डाउनलोड लावायचं आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाऊन यायचं. परत आल्यावरही संपलेलं नसेल.

पहिल्यांदा खेळताना चित्र अधूनमधून गचका खाऊ शकतं. कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, तेव्हाच्या तेव्हा तयार होत असतात. स्टीम ते शक्यतो आधी तयार करून ठेवतं, म्हणून सुरुवातीला जी पट्टी सरकताना दिसते ती 'स्किप' करण्याची घाई करू नये.

[दृश्य : काका खुर्ची ओढून बसलेले. पडद्यावर प्रिन्स ऑफ पर्शिया.]

काकांना नव्या गेममध्ये रस नव्हताच. त्यांच्यासाठी डॉसच्या जमान्यातले गेम चालवणारं डॉसबॉक्स टाकलं आणि १९८९ चा प्रिन्स लावून दिला. कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की फ्लॉपीवरून चालायचा, तोच. टोकदार खिळ्यांवरून उडी मारताना काका आजही मान पुढे काढतात. एक गंमत सांगतो. विंडोजच्या आजच्या ६४-बिट आवृत्तीवर विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. वाइनवर त्यांतले कितीतरी चालतात. विंडोजचं जुनं सामान विंडोजपेक्षा लिनक्सनेच जास्त जपलंय.

आणि जे गेम मुळातच खुले आहेत त्यांची तर गोष्टच वेगळी. झिरो एडी घ्या : प्राचीन काळातलं युद्ध आणि नगररचना, पूर्ण फुकट, कोडही खुला. त्यात रोमन आहेत, पर्शियन आहेत आणि हत्तींसकट मौर्यही आहेत. परंपरा सांगते की अशोक सम्राट होण्याआधी उज्जैनचा कारभार बघायचा. उज्जैन इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. इंदूरच्या पोराने मौर्य सोडून रोमन घ्यावेत हे मला पटत नाही, पण तो रोमनच घेतो.

[दृश्य : भंवरकुआं. हॉस्टेलची खोली, चार पोरं, चार स्क्रीन.]

इथे मात्र विचारण्याचा प्रश्न परत येतो.

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ व्हॉल्व्हचेच, दोन्ही थेट लिनक्सवर चालतात. व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा. ऑक्टोबर २०२४ अखेरीस कंपनीने लिनक्सचं दार लावून घेतलं. कारण एकच : अँटीचीट. कुणी भिंतीपलीकडचं बघणारा किंवा नेम आपोआप लावणारा प्रोग्राम वापरतोय का, हे पाहणारा पहारेकरी. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो, मशीन सुरू होतानाच. तशी जागा प्रोटॉन त्याला देऊ शकत नाही. आणि लिनक्सचा कर्नल तर ज्याचा त्याने बदलून बांधावा असाच आहे. पहारेकऱ्याला ज्या जमिनीवर उभं करायचं ती जमीनच खेळणाऱ्याच्या ताब्यात, तर कंपनी विश्वास कशी ठेवणार? ही भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही.

पण पूर्ण खरीही नाही. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोन्ही मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनवर चालायची सोय केली. गेमच्या कंपनीने ती सुरू करायची असते. काहींनी केली, त्यांचे गेम चालतात. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आला, ही सोय सुरू केली नाही, आणि आदल्या दिवशीपर्यंत ऑनलाइन खेळणारी लिनक्सवरची मंडळी बाहेर फेकली गेली. कोडमध्ये काही मोडलं नव्हतं. कुणीतरी हो म्हणायचं होतं, ते म्हटलं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्या गेमखाली इतरांनी काय लिहिलंय ते वाचा, आणि गेम ऑनलाइन असेल तर अँटीचीटची नोंद आधी.

या खोलीतल्या चौघांपैकी तिघं पूर्ण लिनक्सवर आहेत. चौथा व्हॅलोरंटवाला. त्याने दुसऱ्या एसएसडीवर विंडोज ठेवलंय. मित्रांनी काउंटर-स्ट्राइकला हाक मारली की तो विंडोज बंद करून लिनक्समध्ये येतो. काउंटर-स्ट्राइक विंडोजवरही चालतो हे त्याला माहीत आहे. "पण तिथे अपडेट मध्येच टपकतं भिया," तो म्हणतो, आणि हेडफोन चढवतो.