चौथ्या कार्डाचा हिशेब : अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फचा कोच

मंडळी, गोल्फचा कोच म्हटलं की खेळाडूच्या मागे उभा राहून त्याचे खांदे आणि मनगटं सरळ करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या कोचचं काम बऱ्याच अंशी वेगळं आहे. त्याच्याकडे आलेल्या मुलाचा स्विंग आधीच घडलेला असतो. गावाकडे त्याचा स्वतःचा शिक्षक असतो आणि शहाणा कोच त्या दोघांच्या मध्ये पडत नाही. ह्यूस्टन विद्यापीठाचे डेव्ह विल्यम्स केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. १९५६ ते १९८५ या काळात त्यांच्या संघांनी १६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मग हा माणूस नेमकं करतो काय? माझं उत्तर असं, की तो संघाचा चौथा स्कोअर खाली आणतो. त्याची सगळी नोकरी या एका आकड्याभोवती फिरते.

हिशेब असा. स्पर्धेत पाच जण खेळतात. प्रत्येक फेरीत त्यातले कमी फटक्यांचे चार स्कोअर धरले जातात आणि पाचवा सोडून दिला जातो. समजा पार ७२ च्या, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत व्हावेत असं धरलेल्या, कोर्सवर ७०, ७१, ७३, ७४ आणि ८२ आले. संघाचे झाले २८८, म्हणजे बरोबर पार. ८२ कुठेच दिसत नाही. तेच ७४ च्या जागी ७८ आले, तर संघ २९२ वर जातो आणि अटीतटीच्या स्पर्धेत तेवढ्यानेच चार-पाच जागा खाली घसरतो. ७० मारणाऱ्या मुलाला ६९ वर नेणं फार अवघड असतं. ७८ ला ७५ वर आणणं मात्र कोचच्या हातात असतं, कारण ते तीन फटके बहुतेकदा निर्णयांत गेलेले असतात.

इथे एक गोष्ट नवख्या कोचच्या लवकर ध्यानात येत नाही. दोन मुलांची सरासरी ७४ आहे. एक रोज ७४ मारतो, दुसरा एक दिवस ७० आणि एक दिवस ७८. संघात कोणाला घ्यायचं? उरलेल्या चौघांचे स्कोअर ७१, ७२, ७३ आणि ७५ आहेत असं धरा. स्थिर मुलगा घेतला तर रोजचे २९०. बेभरवशाचा घेतला तर चांगल्या दिवशी २८६, वाईट दिवशी त्याचे ७८ बाजूला पडून २९१. सरासरी २८८.५. म्हणजे चार भरवशाचे खेळाडू हाताशी असतील, तर पाचवा धाडसी मुलगा फेरीमागे दीड फटका वाचवतो. असे दोघे घेतले की मात्र जोखीम वाढते. दोघं एकाच दिवशी कोसळले तर त्यातला एक ७८ मोजावाच लागतो.

राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शेवटच्या टप्प्यात पुन्हा सगळं बदलतं. ७२ होलनंतर पहिले आठ संघ मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकण्या-हरण्याच्या समोरासमोरच्या लढतींत, जातात. पुरुषांमध्ये ही पद्धत २००९ पासून आहे, महिलांमध्ये २०१५ पासून. तिथे पाच लढती होतात आणि तीन जिंकणारा संघ पुढे जातो. कुणाचाही स्कोअर सुटत नाही. पण एका होलवर आठ फटके गेले तरी जातो एकच होल. त्यामुळे स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या खेळात, जीव टांगणीला लावणारा तोच मुलगा इथे उपयोगी पडतो.

हे पाच जण निवडायचे कसे? रूढ पद्धत अशी, की आठ-नऊ जणांना चार-पाच फेऱ्या खेळवायच्या, पहिल्या तिघांना थेट जागा द्यायची आणि उरलेल्या दोन जागा कोचने भरायच्या. प्रत्येक निवड फेरी घरच्याच कोर्सवर घेतली तर बिघडतं. मुलं तो कोर्स पाठ करतात आणि परक्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर) चाचपडतात. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मागे-पुढे करावी, झेंडे कडेच्या अवघड जागी लावावेत, आणि एक तरी फेरी दुसऱ्या कोर्सवर घ्यावी. निवडीचे निकष मोसमाच्या सुरुवातीलाच कागदावर लिहून द्यावेत. तोंडी निकषांवरून संघ फुटतात.

आता स्पर्धेचा दिवस. बहुतेक कॉलेज स्पर्धा ५४ होलच्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवशी ३६, दुसऱ्या दिवशी १८ खेळतात. बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा कॅडी नसतो. मुलं आपली बॅग स्वतः खांद्यावर घेतात किंवा ढकलगाडीवर नेतात. ३६ होल म्हणजे दहा तासांची चाल. शेवटच्या सहा होलवर जे बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) पडतात, त्यांतले कितीतरी नुसत्या भुकेचे असतात. दर तीन-चार होलना काहीतरी पोटात जायला हवं, आणि ते मुलांच्या मर्जीवर सोडून चालत नाही. केळी, सँडविच, पाणी पोहोचवणं हे कोचचं कामच आहे, त्यात कमीपणा मानू नये.

व्यावसायिक स्पर्धेत खेळाडू आपल्या कॅडीचा सल्ला घेतो. कॉलेज गोल्फमध्ये कोचला खेळ चालू असताना सल्ला देण्याची मुभा आहे. मग उभं कुठे राहायचं? संघाचे पाच जण सहसा लागोपाठच्या गटांत असतात, गटागटांत दहा मिनिटांचं अंतर असतं. सगळ्यांमागे धावलात तर कोणाच्याच उपयोगी पडत नाही. अवघड पार ३ होलच्या टीवर थांबलात तर पन्नासेक मिनिटांत पाचही जण भेटतात. पहिल्याचा चेंडू वाऱ्याने किती ढकलला ते पाहून दुसऱ्याला काठी बदलायला सांगता येते. थांबण्यासाठी होल असा निवडावा जिथे एका चुकीच्या निर्णयाने दोन फटके जातात. सहायक कोच असेल तर त्याने पहिल्या वर्षाच्या मुलाबरोबर चालावं. बोलताना वारा, अंतर आणि चेंडू कुठे चुकला तर चालेल ती बाजू, एवढंच सांगावं. 'आपण दोन फटके मागे आहोत' हे वाक्य गिळावं. ते ऐकून मुलगा सरळ झेंड्यावर मारतो आणि चेंडू पाण्यात जातो.

सरावाला वेळ थोडा असतो. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाने मोसमात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास, मोसमाबाहेर आठवड्याला ८ तास. स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा धरतात. इतक्या वेळात ड्रायव्हरवर (लांब फटक्याच्या काठीवर) घाम गाळण्यापेक्षा वेज (जवळच्या उंच फटक्यांची काठी) आणि पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) यांवर भर द्यावा. प्रत्येक मुलाचा वेजचा तक्ता करा : तीन वेज, प्रत्येकीचे तीन लांबीचे स्विंग, म्हणजे नऊ अंतरं. ती स्पर्धेत वापरतो त्याच चेंडूंनी मोजा. सरावाच्या रेंजवरचे जुने चेंडू कमी जातात आणि अख्खा तक्ता खोटा ठरतो. उंचीचाही हिशेब ठेवा. समुद्रसपाटीवरचा तक्ता घेऊन आल्बुकर्कीला गेलात, तर दीड हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर चेंडू सुमारे सहा टक्के लांब जातो आणि ग्रीनच्या पलीकडे पडतो.

पटिंगबद्दल मुलांना खरे आकडे दाखवा. पीजीए टूर या व्यावसायिक मालिकेतले खेळाडू पाच फुटांवरून सुमारे ७७ टक्के पट घालतात, आठ फुटांवरून ५०, दहा फुटांवरून ४० आणि वीस फुटांवरून जेमतेम १५. आठ फुटांचा पट हुकला म्हणून पुढचे तीन होल कुढणाऱ्या मुलाला स्विंगच्या व्हिडिओपेक्षा ही ओळ जास्त धीर देते. वीस फुटांवरून वेगाचा सराव करावा, म्हणजे तीन पट पडत नाहीत.

वेळापत्रक आखणं हेही कौशल्य आहे. पुरुषांच्या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाआधीच्या प्रादेशिक फेरीसाठी विचारात घ्यायचं तर त्याचे विजय पराभवांपेक्षा कमी असून चालत नाही. मागे टाकलेला प्रत्येक संघ म्हणजे विजय, पुढे गेलेला म्हणजे पराभव. १५ संघांच्या स्पर्धेत आठवं यायचं म्हणजे सात विजय, सात पराभव. नाव मोठं दिसावं म्हणून दुबळा संघ घेऊन सगळ्या बलाढ्य स्पर्धांना गेलेला कोच एप्रिलमध्ये हिशेब करत बसतो आणि मोसम तिथेच संपतो.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे. गोल्फ विद्यापीठाला कमाई करून देत नाही. वर्षानुवर्षं डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, पुरुष संघाला साडेचार आणि महिला संघाला सहा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या साडेचार आठ-दहा मुलांत वाटायच्या, कोणाला फी, कोणाला फक्त पुस्तकं. २०२५-२६ पासून, खेळाडूंना मोबदला देण्याबाबतची न्यायालयातली तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीची ती मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त नऊ खेळाडू ही मर्यादा आली. म्हणजे जागा कमी झाल्या, आणि निवडीतली एक चूक पूर्वीपेक्षा महाग पडते. प्रवास आणि सरावाच्या सोयी यांसाठी कोचला देणगीदार जोडावे लागतात. ओक्लाहोमा स्टेटचे माइक होल्डर यांनी १९७३ ते २००५ या काळात आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि संघासाठी कार्स्टन क्रीक हा कोर्स उभा केला. नंतर ते त्याच विद्यापीठाचे क्रीडा संचालक झाले. या पेशाची सुरुवात मात्र सहायकपदावर होते आणि तिथे व्हॅन चालवणं, हॉटेलं ठरवणं, खर्चाची बिलं लावणं हीच कामं हाती येतात. ज्याला ती नकोशी वाटतात, त्याने खासगी शिकवणी धरलेली बरी.

राहिला खेळाडू शोधण्याचा भाग, जो इथल्या पालकांच्या जिव्हाळ्याचा आहे. डिव्हिजन १ च्या कोचला दहावीनंतरच्या १५ जूनच्या आधी मुलाशी थेट संपर्क साधता येत नाही. त्यामुळे आधीच्या पत्रांना उत्तर आलं नाही तर खट्टू होऊ नका. मैदानावर तो स्विंगकडे कमी आणि डबल बोगीनंतरच्या टीकडे जास्त बघतो. मुलगा किती वेगाने चालतो, आई-वडिलांकडे बघतो का, हेही त्याच्या नजरेत असतं. पुण्या-मुंबईतून पत्र पाठवायचं तर ते एका पानाचं असावं. त्यात तीन किंवा जास्त फेऱ्यांच्या स्ट्रोक प्ले स्पर्धांचे सगळे स्कोअर द्यावेत, वाईट फेरीसकट. प्रत्येक स्कोअरपुढे कोर्सची लांबी यार्डांत आणि कोर्स रेटिंग (कोर्सच्या अवघडपणाचा आकडा) लिहावं, कारण ६,४०० यार्डांवरचे ७० आणि ७,१०० यार्डांवरचे ७३ यांत कोच दुसरं उचलतो. शाळेचे गुण, पुढच्या सहा महिन्यांतल्या स्पर्धांच्या तारखा आणि दोन मिनिटांपेक्षा कमी लांबीचा व्हिडिओ जोडावा. पत्र मुलाने स्वतः लिहावं. वडिलांनी लिहिलेलं पत्र कोचला पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतं.