सतरा अंकांची डोंबिवलीकर

ही संख्या बघा. १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढते आणि आल्या वाटेनं उतरते. उलटी वाचली तरी तीच.

हिचं माहेर डोंबिवली. ठाण्याहून स्लो लोकल पकडली की कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर आणि मग ते स्टेशन. जीआयपी रेल्वेच्या काळात इथेच गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना अशा संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली, आणि स्टेशनाच्या तेव्हाच्या ‘डेम्लो’ या नावावरूनच त्यांनी नाव ठेवलं: डेम्लो संख्या. कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला. पुढे निवृत्तीपर्यंत देवळालीत शिक्षक, त्यामुळे नाशिककरांनी हक्क सांगितला तर तो रास्तच. माध्यमिक शिक्षण मात्र ठाण्यात झालं, हे आपण ठाणेकरांनी विसरू नये.

आता चौकटीची वही घ्या. १११११११११ ला १११११११११ नंच गुणा. नऊ ओळी, सगळे एकच एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला लागा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक एकटाच, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्यात नऊ, आणि तिथून उतरण. हातचा एकदाही घ्यावा लागत नाही! खाली उतरते ती आपली संख्या.

हाच प्रयोग दहा एकांवर करून बघा. मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा येतो, आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, माथ्यावर दोन शून्यं. म्हणजे डौल टिकतो तो नऊपर्यंतच.

त्या नऊ ओळींत मिळून एक हा अंक किती वेळा लिहिला? नऊ नवे एक्क्याऐंशी. हातचा नसल्यामुळे आपल्या संख्येच्या अंकांची बेरीजही तेवढीच भरते, ८१. आणि ८१ नं तिला निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या हे नावही कापरेकरांचंच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. आठ इथेही नाही, लक्षात आलं?

भागून झालं, आता गुणा. मला सगळ्यात आवडते ती ही पायरी. कापरेकर संख्या म्हणजे काय, ते ४५ वर पटकन कळतं: वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. आपल्या डोंबिवलीकर संख्येला ८१ नं गुणलं की येतात ९९९९९९९९८००००००००१. हा ९९९९९९९९९ चा वर्ग. मधोमध तोडा. डावीकडे ९९९९९९९९८, उजवीकडे आठ शून्यं आणि एक. करा बेरीज.